कायदा येतो कुठून? आबांच्या बांधावरून निघालेला धागा

केळीचा घड :

राम राम मंडळी. मी यावल तालुक्यातला. घरची केळी आहे आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी एलएलबीच्या पहिल्या वर्षाला बसलोय. बायको म्हणते, केळीला नीट भाव मिळाला असता तर हे खूळ डोक्यात शिरलं नसतं. खरंही असेल.

आम्हाला न्यायशास्त्र आहे. 'कायद्याची व्याख्या सांगा' हा प्रश्न ठरलेला. मी ऑस्टिन हा इंग्रज कायदेपंडित पाठ केला : कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा, मोडली तर शिक्षा. सुट्टीत घरी गेलो आणि मोठ्या ऐटीत आबांना ऐकवला. आबा ओट्यावर सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "मग आपल्या मळ्यातून नानाभाऊची गाडी जाते ती कोण्या राजाच्या आज्ञेनं जाते?"

नानाभाऊंचं शेत आमच्या मागे. त्यांना वाट आमच्या बांधावरून. आजोबांच्या काळापासून बैलगाडी जायची, आता ट्रॅक्टर जातो. कागद नाही, सातबाऱ्यावर नोंद नाही. मागच्या वर्षी भावाने ठिबकची मेन लाइन टाकताना वाट बंद करायचं काढलं, तर आबाच आडवे आले. "वहिवाट आहे ती," एवढंच बोलले.

तर प्रश्न असा. ही वहिवाट म्हणजे कायदा का? असेल तर केला कोणी? उद्या कोर्टाने नानाभाऊंना वाट दिली, तर तो हक्क त्या दिवशी जन्मला की आधीपासून होताच? सरांना विचारलं. ते म्हणाले, हे परीक्षेला येत नाही.

तापीकाठची :

वाट आहे म्हणजे वाट आहे. संपला धागा :)

वकीलकाका धुळे :

ताई, संपला कसा, आत्ता कुठे मांडव पडतोय.

आधी गुंता सोडवू. घडभाऊ, तुमच्या आबांच्या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका माणसाने दुसऱ्याच्या जमिनीवरून वापरून वापरून मिळवलेला हक्क, हा एक. त्याला १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे, कलम १५ : वीस वर्षं, उघडपणे, शांतपणे, अखंड आणि 'हक्क म्हणून' वापर हवा. जमीन सरकारी असेल तर तीस वर्षं. दुसरी गोष्ट म्हणजे रूढी, जी साऱ्या गावाची किंवा समाजाची असते. त्याच कायद्यात कलम १८ मध्ये रूढीने मिळणारा सुविधाधिकारही आहे. नानाभाऊंची गाडी पहिल्या प्रकारात जाते.

आता 'कोणी केला' याचं उत्तर. आपल्या भागात हे एकदा अगदी कागदावर लिहून ठेवलं गेलंय. १८१८ मध्ये खानदेश ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. न्यायाधीश साहेब बसले, पण निवाडा द्यायचा कशाच्या आधारावर? १८२७ मध्ये मुंबई सरकारने रेग्युलेशनांचा, म्हणजे सरकारी नियमांचा, मोठा संच काढला. त्यातल्या चौथ्या रेग्युलेशनच्या २६ व्या कलमात उतरंड दिलीय : आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारी रेग्युलेशन. ते नसेल तर दावा जिथे उभा राहिला त्या मुलखाची रूढी. तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि काहीच नसेल तर न्याय, समता आणि सद्‌विवेक. त्याच वर्षीच्या २९ व्या रेग्युलेशनने हा सगळा संच दख्खन आणि खानदेशाला लागू केला, आणि त्याच्या नावातच खानदेश आहे.

पुस्तकात 'कायद्याचे स्रोत' हे प्रकरण जे पाठ करता ना, ते म्हणजे हीच उतरंड. फक्त तिच्यात पुढे निवाडे जोडा. आज सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशभर बांधून ठेवतो, संविधानाचा अनुच्छेद १४१. आणि धुळे, नंदुरबार, जळगावच्या कोर्टांना मुंबई उच्च न्यायालय. आपली खंडपीठाची वारी असते ती संभाजीनगरला, १९८१ पासून. (त्याआधीचे वकील मुंबईची गाडी पकडायचे. त्या गाडीतल्या गप्पांवर वेगळा धागा काढावा लागेल.)

पोथीवाले अण्णा :

वकीलकाकांची उतरंड वाचून नारदस्मृती आठवली. 'धर्मश्च व्यवहारश्च चरित्रं राजशासनम्', व्यवहाराचे, म्हणजे खटल्याचे, हे चार पाय, आणि 'उत्तरः पूर्वबाधकः', म्हणजे पुढचा मागच्याला बाजूला सारतो. राजाज्ञा सगळ्यांत वर, तिच्याखाली चरित्र. चरित्राचा अर्थ बरेच जण लोकाचार असा घेतात. म्हणजे कंपनी सरकारने काही आकाशातून नवं आणलं नव्हतं.

वकीलकाका धुळे :

अण्णा, जोडी छान जमते पण फार ताणू नका. नारद पुढच्याच श्लोकात सांगतो की धर्म सत्यावर उभा, व्यवहार साक्षीदारांवर. तिथे खटला कोणत्या आधारावर निकाली निघतो याचा विचार आहे. २६ वं कलम न्यायाधीशाला सांगतं की कायदा कोणत्या कपाटात शोध. वरचा पाय राजाचा, एवढं मात्र दोन्हीकडे सारखं.

पाटाचं पाणी :

मी साक्री तालुक्याचा. ऑस्टिनसाहेबाला एकदा पांझरेच्या काठी आणायला हवा होता. आम्हना गावमा कायदा म्हंजे पाटकरी, भो!

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : पांझरेवर, तसंच मोसम-आरम नद्यांकडेही, फड पद्धत होती. काही ठिकाणी अजून धुगधुगी आहे. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एका हंगामात एकच पीक. या फडात ऊस, त्या फडात गहू, पुढच्या साली पाळी बदलायची. साधारणपणे प्रत्येक शेतकऱ्याचा तुकडा प्रत्येक फडात असायचा. पाणी कमी झालं की एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे कोणा एकाचं घर बुडत नाही, सगळ्यांना सारखी झळ बसते. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर हवालदार. त्यांचा मोबदला पिकातून. पाट काढायला घरटी माणूस गेलाच पाहिजे.

हे सगळं कोणत्या गॅझेटात छापून आलं? माझे आजोबा सांगायचे, पाणी चोरणाऱ्याला कोर्टात न्यायची वेळ त्यांनी पाहिली नाही. पाटकऱ्याने त्याचं नाक कापलं नाही, फक्त पाळी कापली. आता सांगा, हा कायदा होता की नव्हता?

केळीचा घड :

पाणीभाऊ, तुमच्या प्रश्नाने माझा प्रश्न बारीक करून टाकला. ऑस्टिनच्या हिशेबाने हे कायदा नाहीच ना? फक्त 'रीत'?

तत्त्वज्ञान मंदिराची पायरी :

अंमळनेरकर आहे, म्हणून नाव असं. आमच्या गावात १९१६ पासून तत्त्वज्ञानाचं मंदिर उभं आहे. त्याच्या पायरीवर बसून सुद्धा हा वाद मिटला नसता.

घडभाऊ, बरोबर. ऑस्टिन (त्याची व्याख्यानं १८३२ ची) रूढीला कायदा म्हणत नाही. राजाच्या न्यायाधीशाने ती उचलून धरली की राजाची मूक आज्ञा झाली असं समजायचं, आणि त्या क्षणी ती कायदा होते. तोवर ती लोकांची नुसती नीती. म्हणजे त्याच्या मते नानाभाऊंचा हक्क निकालाच्या दिवशी जन्मतो. सावीन्यी नावाचा जर्मन नेमकं उलट सांगतो : कायदा लोकांच्या अंगात भाषेसारखा वाढतो, न्यायाधीश फक्त तो ओळखतो. अहिराणीचं व्याकरण कोणी लिहायच्या आधीपासून लोक अहिराणी बोलतच होते, तसं. तिसरा अमेरिकेचा न्यायाधीश होम्स. त्याने १८९७ मध्ये म्हटलं की बाकीचं सोडा, कोर्ट काय करील याचा अंदाज म्हणजेच कायदा. वकीलकाकांना हे आवडेल, त्यांची फी या अंदाजाचीच असते.

पण पांझरेच्या फडाला खरा उपयोगी पडतो इंग्रज कायदेपंडित हार्ट, त्याचं १९६१ चं पुस्तक. तो ऑस्टिनला विचारतो : रस्त्यात एकाने बंदूक लावून पैसे मागितले. तीही आज्ञाच, न दिल्यास शिक्षाही आहे. मग दरोडेखोराचा शब्द कायदा का नाही? माणूस पैसे देईल, पण 'देणं माझं कर्तव्य होतं' असं म्हणणार नाही. पाळी चुकवणारा शेतकरी मात्र मनात जाणतो की आपण चुकलो. हार्टला नियमांचे दोन थर दिसतात. खालच्या थरात 'पाणी चोरू नको', 'पाट काढायला ये' असे नियम. वरच्या थरात नियमांबद्दलचे नियम : यंदा कोणत्या फडात ऊस हे कोणी ठरवायचं, तंटा झाला तर शब्द कोणाचा, रीत बदलायची तर कशी. दोन्ही थर जमले की ती विधिव्यवस्था.

फडात दोन्ही थर आहेत. पाटकरी, हवालदार, सालाबादची बैठक. माझं मत विचाराल तर तो पूर्ण कायदा होता. पोलीस ठाणं नव्हतं, इतकंच.

तापीकाठची :

मी पहिल्यांदा गंमत केली, आता गंभीर लिहिते. सगळे रूढीच्या प्रेमात पडलात. छान आहे पाट, फड, आबा. पण आमच्याकडे अजून एक रूढी आहे : भाऊ सातबाऱ्यावर लागला की बहिणीने हक्कसोड करून द्यायची. लुगडं-चोळी, जेवण, आणि निबंधकाच्या कार्यालयात अंगठा. मी स्वतः सही केली. कोणी बंदूक लावली नव्हती. हार्टच्या भाषेत, 'देणं माझं कर्तव्य आहे' असंच मला वाटत होतं! लहानपणापासून तसं वाटायला लावलेलं होतं.

महाराष्ट्राने १९९४ ला मुलीला जन्मतः वाटा दिला, केंद्राने २००५ ला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ ला बाप हयात नसला तरी चालेल. कागद तीनदा बदलला. आमच्या गल्लीत बदलला नाही. म्हणून विचारते, तुमची ती उतरंड खरी चालते कोणत्या दिशेने?

सातपुड्याची लेक :

ताई, हात द्या. मी अक्राणीची, पावरा. आमच्याकडे तर उतरंडीची एक पायरीच वेगळी आहे. हिंदू विवाह कायदा १९५५ आणि वारसा कायदा १९५६ अनुसूचित जमातींना लागूच नाही, केंद्राने अधिसूचना काढली तरच लागू. म्हणजे आमचं लग्न, देज (नवऱ्याकडून मुलीच्या घरी येणारी रक्कम), फारकत, वारसा, सगळं रूढीवर. तंटा पंचांपुढे. १९९६ च्या पेसा कायद्यानेही (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) तंटे सोडवायची आमची रीत जपायला सांगितलंय. मला तिचा अभिमान आहे. कोर्टात तीन वर्षं तारखा पडतात ते भांडण आमच्याकडे एका रात्रीत, महू (मोहाची दारू) घेत, मिटतं. (हसू नका, खरंच मिटतं.)

पण जमिनीचा प्रश्न आला की पंच म्हणतात, पोरगी पराया घरची. २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला, छत्तीसगडच्या गोंड कुटुंबाचा. आईच्या वारसांनी आजोबांच्या मिळकतीत वाटा मागितला होता. खालची कोर्टं म्हणाली, बाईला वाटा देण्याची रूढी तुम्ही सिद्ध केली नाही. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्नच उलटा केला : वाटा न देण्याची रूढी तरी कुठे सिद्ध झालीय? आणि रूढीच नाही म्हटल्यावर आधार घेतला न्याय, समता आणि सद्‌विवेकाचा, सोबत समानतेचा अनुच्छेद १४.

वकीलकाकांचं १८२७ वाचलं तेव्हा मी दचकले. उतरंडीतली सगळ्यात खालची पायरी, जी साहेबाने 'काहीच सापडलं नाही तर' म्हणून ठेवली होती, दोनशे वर्षांनी तिच्यावर उभं राहून एका आदिवासी बाईच्या लेकरांना वाटा मिळाला.

वकीलकाका धुळे :

लेकी, या धाग्यातलं सर्वांत चांगलं वाक्य तुझं. त्या खालच्या पायरीची अजून एक करामत सांगतो. ज्याचा खून केला त्याचीच मिळकत खुन्याला मिळावी का? हिंदू कायद्याच्या पोथीत स्पष्ट मनाई सापडेना. १९२४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजी राज्यातलं लंडनचं शेवटचं अपील कोर्ट) मुंबई इलाख्यातल्याच खटल्यात सांगितलं, न्याय-समता-सद्‌विवेकाने मिळणार नाही. १९५६ च्या कायद्यात तेच कलम २५ होऊन बसलं. म्हणजे सद्‌विवेक आधी निवाड्यात शिरतो, मग कायद्यात. खालून वर चढतो.

रूढीला चाळण्याही आहेत. ती जुनी हवी, अखंड हवी, निश्चित हवी, अवाजवी नको आणि कायद्याच्या विरुद्ध नको. प्रिव्ही कौन्सिलने १८६८ मध्ये म्हटलं होतं की रूढी स्पष्ट सिद्ध झाली तर ती पोथीच्या वचनावर मात करते. खरं, पण सिद्ध करणं जिकिरीचं. आणि संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये 'कायदा' या शब्दातच रूढी धरलीय, म्हणजे मूलभूत हक्कांपुढे तिलाही वाकावं लागतं. तापीकाठच्या ताई, हक्कसोड मात्र रूढीच्या बळावर टिकत नाही. ती टिकते तुमच्या सहीवर आणि नोंदणीवर. तिथे रूढी कायद्याला धक्का देत नाही, हळूच कायद्याचा सदरा घालून येते.

रिकामटेकडा :

सगळे कायदे वकिलांच्या पोटासाठी. लिहून घ्या.

वकीलकाका धुळे :

लिहून घेतलं. फी द्या.

पोथीवाले अण्णा :

अजून एक खानदेशी खुमासदार गोष्ट राहिली. पूर्वीच्या हिंदू कायद्यात मुंबई इलाख्याचे तुकडे पडले होते. प्रत्येक तुकड्यात वेगळा ग्रंथ प्रमाण. रत्नागिरीकडे विज्ञानेश्वराची मिताक्षरा वरचढ. गुजरात आणि मुंबई बेटावर नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख वरचढ. पुणे, अहमदनगर आणि आपल्या खानदेशात दोघांना सारखाच मान!

सारखा मान म्हणजे डोकेदुखी. मुलगा वारला, मागे बायको-लेकरं नाहीत. मिळकत आधी आईला की बापाला? मिताक्षरा म्हणते आई, मयूख म्हणतो बाप. जळगावच्या सबजज्जाने काय करावं? १९५६ ला दोन्ही पोथ्या बाजूला झाल्या. आता आई पहिल्या वर्गात, बाप दुसऱ्या वर्गात. म्हणजे या मुद्द्यावर मिताक्षरा जिंकली असं मी घरी सांगतो, बायको म्हणते आई जिंकली.

आणि दोन पोथ्या भांडल्या तर काय, याचं उत्तर याज्ञवल्क्याने देऊन ठेवलंय : 'स्मृत्योर्विरोधे न्यायस्तु बलवान् व्यवहारतः'. दोन स्मृतींचा विरोध आला की व्यवहाराला धरून असलेला न्याय बलवान. सातपुड्याच्या लेकीची खालची पायरी इथेही आहे बघा.

तत्त्वज्ञान मंदिराची पायरी :

एक गोष्ट टोचते आहे, ती लिहून टाकतो. 'सद्‌विवेक' म्हणताना कोणाचा? १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलायचे आणि साने गुरुजी उतरवून घ्यायचे. ती सगळी माणसं कायदा मोडून आत आली होती. ऑस्टिनच्या दृष्टीने हिशेब सरळ : आज्ञा होती, मोडली, शिक्षा झाली, कायदा वाईट असला तरी कायदाच. नैसर्गिक कायद्याची परंपरा म्हणते, अन्यायाचा कायदा कायदाच नव्हे. मजा अशी की सत्याग्रही दोघांच्या मधे उभा असतो. तो कायदा अन्यायाचा म्हणून मोडतो आणि शिक्षा मात्र नाकारत नाही. दोन्ही शाळा त्याला आपला म्हणतात, दोघींच्याही तो पूर्ण हाती लागत नाही.

उलट बाजूही पाहा. एप्रिल १९७६, आणीबाणी. अटक झालेला माणूस कोर्टात दाद मागू शकतो का? सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध एक असा निकाल लागला, की नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना म्हणाले की माणसाचं जगणं आणि स्वातंत्र्य संविधानाने दिलेलं दान नाही, ते आधीपासूनचं आहे. ते मत २०१७ पर्यंत फक्त विरोधी मत होतं. २०१७ मध्ये न्यायालयाने तो जुना निकाल चुकीचा ठरवला. आता घडभाऊंचाच प्रश्न पुन्हा : त्या एकेचाळीस वर्षांत 'कायदा' कोणता होता, चौघांचा की एकाचा?

मला विचाराल तर, चौघांचा. आणि हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

सातपुड्याची लेक :

सर, आमच्या पंचांपुढेही असा एखादा एकटा असतो. बहुतेक वेळा म्हातारी असते. तिचं कोणी ऐकत नाही, पण पुढच्या बैठकीत तिचंच वाक्य कोणीतरी आपलं म्हणून बोलतं.

हेही लिहिते, नाहीतर सगळ्या पंचायती गोड वाटतील. जातपंचायतीने घर वाळीत टाकलं की पाणी, किराणा, सोयरीक सगळं बंद. त्यातही हार्टचे दोन्ही थर असतात. म्हणून महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला, २०१६ चा, लागू झाला २०१७ ला. फड आणि बहिष्कार, यंत्र एकच. त्यातून पाणी कोणाला मिळतं ते पाहायचं.

केळीचा घड :

धागा एवढा वाढेल वाटलं नव्हतं. या रविवारी घरी जाऊन आलो. वकीलकाकांनी सांगितलेलं 'हक्क म्हणून' डोक्यात होतं, म्हणून आबांना विचारलं, नानाभाऊंनी वाट कधी मागून घेतली होती का?

आबा म्हणाले, मागायची काय गरज. पण आई आतून बोलली, "असं कसं? दर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नारळ आणि आंब्याची पाटी येते ना त्यांच्याकडून. तुमच्या वडिलांपासून येते." आबा म्हणाले ती शेजाराची रीत. आई म्हणाली ती वाटेची रीत, कारण दुसऱ्या कोणा शेजाऱ्याकडून येत नाही. भाऊ ठिबकचा पाइप घेऊन उभाच होता, त्याचे कान टवकारले.

वकीलकाका, नारळाने काय होतं?

वकीलकाका धुळे :

अरे बाबा, तुमचा सगळा खटलाच त्या नारळात आहे!

नारळ परवानगीपोटी येत असेल तर नानाभाऊ तुमच्या मर्जीने जातात. मग शंभर वर्षं गेली तरी कलम १५ चा हक्क तयार होत नाही. नारळ नुसता सणाचा असेल तर वीस वर्षं कधीच भरली. आपण आखाजीला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या गड्याचं, साल ठरवतो ते तोंडीच, तरी तो करार. त्याच दिवशी आलेला नारळ म्हणजे सालाबाद परवानगी, असं तुमच्या भावाचा वकील ओरडून सांगेल. मी नानाभाऊंकडून असतो तर म्हटलं असतं, परवानगी मागणारा माणूस आंबे गोड निघाले का हे विचारायला परत येत नाही.

आणि भावाला सांगा, वाट अडवली तर नानाभाऊ सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे जाऊ शकतात, १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली. ते जमलं नाही तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, तिथे तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतो. म्हणजे वहिवाट हरली तरी वाट राहीलच, फक्त दोन्ही घरांचे पैसे खर्च होतील.

साक्षीला कोण आहे? पहिला नारळ कोणी घेतला होता?

केळीचा घड :

आजीने. ती गेली २००९ ला. आईचं म्हणणं, देताना नानाभाऊंच्या वडिलांनी काय म्हटलं ते आजी तिला सांगायची, पण आता नेमकं आठवत नाही. नानाभाऊंनाच विचारायचं म्हणतेय, येत्या आखाजीला.

तापीकाठची :

त्यांना या धाग्याची लिंक पाठवू नका म्हणजे झालं.